बदली

सांगलीच्या मार्केट यार्डामागं, हळदीच्या गोदामाला लागून
बास्केटबॉलचं एक कोर्ट होतं.
पश्चिमेचा वारा सुटला की चेंडू पिवळा व्हायचा,
जाळी पिवळी, रेफरीची शिट्टीसुद्धा जिभेला कडवट.
नवा पोरगा खेळायला आला की हमाल विचारायचे,
"काय, हळद लागली का?"

दस्तगीर मुजावर दिवसभर तिथंच पोती तोलायचा.
साडेपाचला काटा सोडायचा, पावणेसहाला कोर्टात.
सात नंबर.
एकोणीस वर्षं, सातशे त्रेचाळीस सामने,
आणि प्रत्येक सामन्याची चाळीसच्या चाळीस मिनिटं.
स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढचा बदलीचा रकाना
कोरा.

भुवई फुटली तेव्हा बोर्डाच्या खांबावरची हळद
बोटानं खरवडून दाबली,
आणि दोन फ्री थ्रो मारले, दोन्ही आत.
रमजानात रोजा धरून खेळायचा.
मगरिबची बांग झाली की टाइमआउट मागायचा,
एक खजूर, दोन घोट पाणी,
बी माझ्या हातात.
माझ्या, कारण मी बाकावर.
अकरा नंबर, आडमुठे,
त्याच्या जागेचा राखीव.
घरी डबीत किती बिया साठल्यात, बायकोला विचारा.

ऑफिसात माझी बदली दोनदा आली,
एकदा जतला, एकदा शिराळ्याला.
दोन्ही वेळा साहेबांच्या दारात उभा राहून रद्द करून घेतली,
मंगळवार-शुक्रवार सराव असायचा म्हणून.
आणि मैदानावर, जिथं बदलीसाठी जीव टांगलेला,
तिथं ती येईना.

बसलेल्या माणसालाही घाम येतो.
तो कुणी धरत नाही.
मी त्याचे श्वास मोजायचो. खरं सांगतो,
तो दमावा म्हणून मोजायचो.
तिसऱ्या क्वार्टरला त्याचा उजवा खांदा जरा पडायचा,
मी झिप अर्ध्यावर आणायचो.
खांदा परत वर.
झिप परत वर.

मग इचलकरंजीचा सामना. सातशे त्रेचाळिसावा, शेवटचा.
चार मिनिटं उरलेली, आम्ही तीन गुणांनी मागं.
उडी मारून उतरताना त्याचा गुडघा असा वाजला
की मला बाकावर ऐकू आला.
त्यानं माईणकर सरांकडं बघितलं नाही.
माझ्याकडं बघितलं
आणि दोन बोटं हवेत गोल फिरवली.

सर म्हणाले, "आडमुठे, ऊठ."
उठलो. झिप खाली. सगळी.
टेबलापाशी गेलो तर पेन्सिल
त्या रकान्यावर टेकलेली.
आणि मी खाली वाकलो.
म्हटलं, सर, लेस सुटलीय, एक मिनिट.

सुटली नव्हती.
बांधलेली गाठ सोडली, पुन्हा बांधली,
पुन्हा सोडली.
रेफरीनं घड्याळ बघितलं, शिट्टी मारली,
दस्तगीर हसला का कळवळला,
दात दिसले एवढं नक्की,
आणि खेळ सुरू.

हरलो, पाच गुणांनी.
जिल्हा संघटनेनं त्याला शाल दिली,
गोदामाच्या भिंतीवर विक्रमाची पाटी बसवली.
आता तिच्यापुढं पोत्यांची थप्पी आहे.

मी घाबरलो, की त्याच्यासाठी थांबलो?
रात्री एक वाटतं, सकाळी दुसरं.

परवा भडंगाच्या दुकानात भेटला.
गुडघ्याला पट्टा, मान तशीच ताठ.
पुडीतले शेंगदाणे निवडून माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाला,
"आडमुठ्या, तुझी लेस बांधलेली होती."
"तुला काय माहीत?"
"एकोणीस वर्षं समोर तुझेच बूट दिसायचे की.
एवढे कोरे बूट अख्ख्या जिल्ह्यात नव्हते."

मग बराच वेळ आम्ही भडंग खात उभे,
तळलेली लसणाची पाकळी
कुणाच्या वाट्याला येते ते बघत.